नंबर लागेपर्यंत

चिंचपाड्याच्या स्टेशनात पॅसेंजर थांबली की दवाखान्याला आलेली माणसं लगेच ओळखू येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घड्यांवर फाटत आलेला केसपेपर, एक्स-रेचं मोठं पाकीट आणि शेजारी सोबतीला आलेलं माणूस. एकटा रुग्ण क्वचितच दिसतो. नवापूर तालुक्यातल्या या गावात १९४२ पासून ख्रिस्ती रुग्णालय आहे; आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन चालवते. औषधपाण्यासाठी गाडी धरून चिंचपाड्याला यायचं, हे आसपासच्या पाड्यांवर आजीपासून नातीपर्यंत चालत आलं आहे.

माझी मावशी याच गावात राहते. तिची सगळी नोकरी मात्र दुसरीकडच्या एका सरकारी रुग्णालयात गेली. तिथे ती स्टाफ नर्स होती आणि बरीच वर्षं ओपीडीच्या दाराशी होती. माझा धाकटा भाऊ पुण्यात रुग्णालयांच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. जुलैत आम्ही दोघं मावशीकडे गेलो होतो. भातलावणी उरकत आली होती, पाऊस उघडत नव्हता, मावशी ओटीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत होती. भाऊ आदल्या दिवशी शेजारच्या आजींना घेऊन एका दवाखान्यात जाऊन आला होता. तिथली त्याची टिपणं त्याच्या मोबाइलमध्ये होती.

"आठ चाळीसला पोचलो," त्याने वाचून दाखवलं. "केसपेपर हातात पडला नऊ पस्तीसला. डॉक्टरांसमोर बसलो अकरा पन्नासला, चार मिनिटं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला दोन दहाला. पुन्हा डॉक्टर, तीन पाचला, तीन मिनिटं. औषधं घेऊन बाहेर पडलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. मावशी, सात तासांत सात मिनिटं डॉक्टर."

"मग डॉक्टर काय झोपा काढत होते का?" मावशीने सूप खाली ठेवलं. "अशा ठिकाणी एकच डॉक्टर ओपीडी बघतो, वॉर्ड बघतो, बाळंतपणही बघतो. एखादी अडली आणि सिझरला जावं लागलं की ओपीडी बसूनच राहणार. त्यात कुणाची चूक काढतोस?"

"मी डॉक्टरांची चूक काढतच नाही. त्यांनी याहून घाई करू नये, हेच माझं म्हणणं आहे. तू माझा हिशेब तरी ऐक. साठ रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला पाच मिनिटं लागतात असं धर. सगळे नऊ वाजता येऊन बसले तर शेवटच्याला जवळजवळ पाच तास थांबावं लागतं. सरासरी काढलीस तर माणशी अडीच तास. आता तीस जणांना नऊला बोलव आणि तीस जणांना साडेअकराला. डॉक्टर तोच, वेगही तोच, रुग्णही तेवढेच. पण कुणालाच अडीच तासांपेक्षा जास्त बसावं लागत नाही आणि सरासरी सव्वा तासावर येते. एक रुपया खर्च नाही."

हा हिशेब खरा आहे आणि नवा नाही. इंग्लंडमध्ये १९५२ साली नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या ओपीडीतल्या रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला नियम आजही त्याच्या नावाने शिकवतात: सुरुवातीला दोन रुग्णांना एकदम बोलवा आणि पुढच्यांना, एकेकाला सरासरी जितका वेळ लागतो, तितक्या अंतराने बोलवत चला. एक आत असताना एक बाहेर हाताशी असतो, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ फुकट जात नाही आणि दाराशी गर्दीही होत नाही. त्याच वर्षी बेलीने एका सहकाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट मांडली होती. अपॉइंटमेंटची पद्धत टिकते ती डॉक्टर स्वतः वेळेवर आले तरच. सत्तर वर्षं झाली, तरी आपल्याकडे बहुतेक ओपीडींत "सकाळी लवकर या" हीच अपॉइंटमेंट असते. मग माणसं पहाटेच घर सोडतात, कारण जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी.

मावशीला हिशेब पटला, पण माणसं पटली नाहीत. "साडेअकराला कोण येणार? ज्याच्या पाड्यावरून सकाळची एकच एसटी सुटते, तो नऊलाच येऊन बसणार. गाडीने येणारा गाडीच्या वेळेनेच येणार. तुझ्या पुण्यात माणूस दहा चाळीसची वेळ घेतो आणि दहा पस्तीसला रिक्षातून उतरतो. इथल्या माणसाचा दिवस गाडीवर ठरतो, पावसावर ठरतो, मुकादमावर ठरतो."

"म्हणून तर आधी विचारायचं. फोनवर वेळ द्यायची, एसएमएस पाठवायचा. २०१५ पासून सरकारी रुग्णालयांसाठी ऑनलाइन नोंदणी आहे. २०२२ पासून तर दारातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की टोकन मिळतं, केसपेपरच्या खिडकीवर नाव-गाव सांगत बसावं लागत नाही. आणि आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. नंदुरबारच्या माणसाला हे जमणार नाही असं का धरून चालायचं?"

"जमणार नाही असं नाही म्हणत मी. फोन कुणाकडे असतो ते विचार."

मग तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. शेवटच्या काही वर्षांत तिच्या ओपीडीत केसपेपरवर मोबाइल नंबर लिहायची सक्ती झाली. म्हातारी बाई यायची आणि पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर नंबर असायचा मुलाचा. मुलगा बारडोलीकडे ऊसतोडीला. दिवाळीनंतर घरातली धडधाकट माणसं कोयते घेऊन गुजरातेत उतरतात, ती उन्हाळा लागेपर्यंत तिकडेच. फोनही त्यांच्याबरोबर जातो. "तुमची तपासणी उद्या आहे" हा निरोप उसाच्या फडात पोचायचा आणि बाई इकडे पाड्यावर. मुलगा रात्री शेजाऱ्याच्या फोनवर फोन लावणार, शेजारी घरी असला तर बाईला कळणार. एकीची तारीख दोनदा अशीच गेली. तिसऱ्या खेपेला खिडकीवरचा मुलगा तिला म्हणाला, "मावशी, तुम्हाला मेसेज केला होता ना?"

"तिला मेसेज म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं," मावशी म्हणाली. "ती मान खाली घालून उभी राहिली. आपलंच काही चुकलं असं वाटलं तिला."

भाऊ गप्प झाला. इथे मी मावशीच्या बाजूने आहे आणि ठामपणे आहे. निरोप ज्याच्या हातात पडत नाही त्याला तो दिला असं म्हणता येत नाही. मोबाइलची सोय जरूर असावी. ज्याला ती वापरता येते तो खिडकीवरून बाजूला झाला तर मागच्याची रांग तेवढीच कमी होते. पण नंबर मिळण्याचा तो एकमेव रस्ता झाला, तर ज्यांना दवाखान्याची सर्वात जास्त गरज आहे तेच दाराबाहेर राहतील.

थोड्या वेळाने भावाने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. "बरं, मिनिटांची वेळ नको. पण तुझ्या ओपीडीत नवे किती असायचे आणि जुने किती?"

"जुनेच जास्त. बीपी, साखर, टीबीच्या गोळ्या, गरोदर बायांची तपासणी, सिकलसेलवाले."

"आणि त्यांना कधी बोलवायचात?"

"डॉक्टर लिहायचे, पंधरा दिवसांनी, महिन्याने."

"म्हणजे सोमवारी आलेला माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा सोमवारीच येणार. बाजाराच्या दिवशी आलेला पुन्हा बाजारालाच. गर्दी आपणच पुढे ढकलतो आणि तिथे पुन्हा तीच गर्दी उभी राहते. या जुन्या रुग्णांची तारीख तर आपल्याच हातात आहे! केसपेपरवर लिहिताना एवढंच बघायचं की त्या दिवशी आधीच किती जणांना बोलावलंय. आणि तारखेच्या पुढे दोनच शब्द: 'सकाळी' किंवा 'दुपारी'. लांबून गाडीने येणाऱ्याला सकाळ. गावातला, किंवा मोटारसायकल असलेला, त्याला दुपार. याला कॉम्प्युटर लागत नाही, एक वही लागते."

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वही आम्ही ठेवली असती. कुणी सांगितलंच नाही." आणि लगेच तिने अट घातली: "पण तारीख चुकली म्हणून परत पाठवायचं नाही. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं तर माणूस पलीकडेच अडकतो. तो दोन दिवसांनी आला तरी त्याला बघायचंच."

"बघायचंच," भाऊ म्हणाला.

आजींच्या सात तासांतला खरा तोटा कुठे होता, हे मला या टप्प्यावर दिसलं. आम्ही सगळे डॉक्टरांच्या दारावरची रांग धरून बसलो होतो. टिपणं पुन्हा वाचली तर रक्ताच्या तपासणीपासून दुसऱ्यांदा डॉक्टर भेटेपर्यंतच सव्वातीन तास गेले होते. आजींना साखरेचा आजार आहे आणि त्यांची साखर तपासावी लागणार हे त्यांच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं. सकाळी आल्या आल्या नर्सने तो कागद वाचून त्यांना थेट लॅबमध्ये पाठवलं असतं, तर अकरा पन्नासला डॉक्टरांच्या टेबलावर रिपोर्ट असता. डॉक्टरांकडे दोनदा जावं लागलंच नसतं. दुसऱ्यांदा आत जाणारा प्रत्येक माणूस रांगेत कुणाला तरी मागे सारतो. त्यामुळे यात एकट्या आजींचा नव्हे, सगळ्यांचाच वेळ वाचला असता. ज्यांचं निदान झालं आहे अशा रुग्णांची कुठली तपासणी डॉक्टरांना न विचारता करून घ्यायची, हे डॉक्टरांनी एकदा लिहून सही केली की पुरतं.

मावशीला यावरून भाकरी आठवली.

एक बाई पाड्यावरून पहाटे निघून यायची, साखर तपासायला. उपाशीपोटी यायचं असं सांगितलेलं, म्हणून ती भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून आणायची. एकदा दुपारी दीडच्या सुमाराला मावशी बाकांमधून जात होती, तर ही बाई भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, हात थरथरताहेत, फडकं मांडीवर तसंच बांधलेलं. मावशीने विचारलं, जेवली का नाहीस? ती म्हणाली, रक्त घेतलं, पण जेव असं कुणी म्हणालं नाही. रक्त सकाळी सव्वानऊला घेतलेलं होतं. पुढची तपासणी जेवणानंतर दोन तासांनी करायची होती. म्हणजे ही बाई लॅबच्या बोलावण्याची वाट बघत होती आणि लॅब तिच्या जेवणाची.

"मी तिथेच खाली बसले," मावशी म्हणाली. "गाठ सोडली, भाकरी मोडली, तिच्या हातात दिली. चार तास, अरे! चार तास ती माझ्यासमोर उपाशी बसली होती आणि मी दहा वेळा तिच्यावरून गेले असेन."

या जागी माझ्या भावाचं सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही आणि मावशीचं मोठं मनही उपयोगाचं नाही. रक्त घेणाऱ्या माणसाने सुई काढताना "आता जेवून घ्या, जेवल्यावर दोन तासांनी याच खोलीशी या" हे वाक्य म्हणायचं, रोज, प्रत्येकाला, ज्याच्या त्याच्या भाषेत. नवापूरकडे ते मावचीत म्हणावं लागेल, कोकणीत म्हणावं लागेल, अहिराणीत आणि गुजरातीतही. थांबणं माणसाला एक वेळ सोसवतं. कशासाठी थांबलोय, किती वेळ थांबायचंय, मधे पाणी प्यायला उठलं तर नंबर जाईल का, हे न कळता बसून राहणं फार जड जातं. डॉक्टर सिझरला गेले असतील तर दारावर येऊन तसं सांगावं. फळ्यावर लिहावं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने म्हणावंही. बाळंतपणासाठी डॉक्टर गेलेत म्हटल्यावर आमच्याकडची माणसं कुरकुर करत नाहीत. घरात बाळंतपण काय असतं ते त्यांना माहीत आहे.

नावाने पुकारण्यावरूनही दोघांचं वाजलं. भाऊ म्हणाला, स्क्रीनवर नंबर लावा. मावशी म्हणाली, आकडा वाचता न येणारी म्हातारी माणसं अजून आहेत आणि नाव पुकारलं तर "गावित" म्हटल्यावर पाच जण उठतात, "वळवी" म्हटल्यावर सात. तिच्या ओपीडीत एका जुन्या शिपायाने पत्र्याचे बिल्ले केले होते, दहा लाल, दहा पिवळे, दहा हिरवे. लाल बिल्लेवाले पुढच्या बाकावर, बाकीचे व्हरांड्यात किंवा झाडाखाली. रंग पुकारला की दहा माणसं उठायची. शिपाई बदलून गेला आणि बिल्ले कपाटात पडले.

"बघ," भाऊ म्हणाला, "हेच तर माझं म्हणणं आहे. चांगली गोष्ट होती, ती एका माणसाबरोबर गेली."

सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याने तपासणी आणि उपचार मोफत केले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. मोठी गोष्ट झाली. पण रुग्णाचा खर्च तिथे संपत नाही. एका दिवसाची मजुरी त्याची, एका दिवसाची मजुरी सोबतच्याची, गाडीभाडं, आणि दोनदा यावं लागलं तर सगळं दुप्पट. म्हणून तर टीबीच्या गोळ्या मधेच सुटतात, म्हणून गरोदर बाई चौथ्या तपासणीला येत नाही. रांग लहान करणं हेही औषध देण्याइतकंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळ होत आली तेव्हा बोलणं दारावर आलं. भाऊ म्हणाला, "पद्धत नीट असली की कुणी मधे घुसत नाही, ओळखीच्याला आधी घेत नाहीत. ज्याचा नंबर त्याचा नंबर. हाच न्याय."

"नाही," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "हा न्याय नाही."

तिच्या नोकरीतली ती एक गोष्ट आम्ही आधी कधी ऐकली नव्हती. पावसाळ्याचे दिवस, तापाची साथ, ओपीडी भरलेली. ती त्या दिवशी दारावर नव्हती, तिला लसीकरणाला पाठवलं होतं. एक बाप दोन वर्षांचं पोर खांद्यावर टाकून केसपेपरच्या रांगेत उभा होता. पोर रडत नव्हतं, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. बापाने पुढे जाऊ द्या असं कुणाला म्हटलं नाही, कारण सगळेच थांबले होते. मावशी बाराच्या पुढे परत आली, तेव्हा तो अजून रांगेत होता आणि पोराची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तिने ते उचललं आणि पळाली. ऑक्सिजन लावला, गाडी बोलावली, मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पुढे काय झालं ते तिला कधीच कळलं नाही.

"तो बाप नियमाने उभा होता," ती म्हणाली. "रडणारं पोर आपण आधी बघतो. गप्प पडलेलं पोर जास्त आजारी असतं, हे दारावरच्या माणसाला माहीत पाहिजे. सिकलसेलचं पोरही तसंच. दुखून दुखून थकतं आणि भिंतीकडे तोंड करून पडतं. त्याचा नंबर चाळीसावा असला तरी ते पहिलंच आहे."

जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी नेमकी हीच गोष्ट पद्धतीत बसवली आहे. दारात आलेल्या प्रत्येक मुलाकडे आधी क्षणभर बघायचं आणि तीन गट करायचे: आत्ता, लवकर, आणि रांगेत. २००५ साली तिचं प्रशिक्षणाचं पुस्तक निघालं. मलावी देशात ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात मुलांना दारातच असं निवडायला आणि लगेच उपचार करायला सुरुवात झाली, आणि दाखल मुलांमधल्या मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. ही लक्षणं ओळखायला डॉक्टर लागत नाही. केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाला, दारावरच्या शिपायाला ती शिकवता येतात. आपल्या ओपीडीत मात्र रुग्णाला पहिला भेटतो तो कारकून आणि त्याला फक्त नाव, वय, गाव विचारायला शिकवलेलं असतं.

भाऊ आता वाद घालत नव्हता. त्याने विचारलं, "मावशी, तुला कसं कळायचं? दारात उभी राहून, एवढ्या माणसांतून?"

"बघूनच कळतं. सवयीने."

"तू रिटायर झालीस त्या दिवशी ती सवय तिथून गेली. तुझ्या जागी आलेल्या पोरीला कुणी दिली?"

मावशी काही बोलली नाही. तिने सूप बाजूला सारलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि उलटं करून भावापुढे ठेवलं.

"मोबाइल ठेव. पेन घे. मोठ्या अक्षरात लिही, भिंतीवर लावता आलं पाहिजे." तिने डोळे मिटले. "दारात आलेल्या पोराचं तोंड आधी बघायचं, कागद नंतर मागायचा. आईच्या खांद्यावर मान टाकलेली असेल, हाक मारली तरी बघत नसेल, तर लगेच आत. लिहिलंस? श्वास घेताना छाती आत जात असेल तर लगेच आत. आकडी येऊन गेली असेल तर लगेच आत. हात-पाय गार लागत असतील. जुलाब होत असतील आणि डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत असेल. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर रांगेत उभंच करायचं नाही. तळहात पांढरे पडलेत का बघायचं, आपला हात शेजारी धरून बघायचं. सिकलसेलचं कार्ड असेल आणि दुखतंय म्हणालं, तर खरंच दुखतंय. थांब, हे मावचीतही लिहायला पाहिजे. शेजारच्या आजींना बोलाव, त्या सांगतील तसं लिही."

भाऊ उठला आणि पावसातच आजींच्या घराकडे गेला.